ड्रेन प्लगचा वॉशर: माहीममधल्या एका गाडीच्या ऑइल गळतीचे प्रकरण

माहीमच्या आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे 2012 सालची होंडा सिव्हिक आहे. 1.8 लिटरची पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअरची, फार न धावलेली आणि जिवापाड जपलेली. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी जवळच्या एका लहान गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले. आठवडाभरात पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला आणि तो हळूहळू बशीएवढा झाला. त्याच जागेवरून दुचाकी काढणाऱ्या एका मुलीची चाके पावसाळी ओलीत घसरली. ती पडली नाही, पण सेक्रेटरींनी लेखी सूचना दिली, आणि ते योग्यच होते.

गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीने ऑइल काढून टाकायचा तळाचा बोल्ट, म्हणजे ड्रेन प्लग, उघडून आणखी एक वॉशर घातला, पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला आणि सांगितले, "काका, आता तांब्याचे दोन वायसर टाकलेत, आयुष्यभर बघायला नको." गळती थोडी कमी झाली, थांबली नाही. त्यानंतर दाखवलेल्या दुसऱ्या गॅरेजने निदान केले की ऑइल पॅनचा, म्हणजे इंजिनच्या तळाला ऑइल साठवणाऱ्या भांड्याचा (गॅरेजच्या भाषेत चेंबरचा), जोडच गळतो आहे. पॅन उतरवून नव्याने सीलंट लावावे लागेल आणि ड्रेन बोल्टचे आटे गेले असतील तर पॅनही बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून काका माझ्याकडे आले. माझे काम कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीचे आहे आणि हायड्रॉलिकच्या जोडांतून होणारी गळती हा माझा रोजचा विषय आहे. म्हणून पॅनला हात लावण्यापूर्वी ऑइल नेमके कुठून येते ते पाहू, एवढेच मी सुचवले.

गळतीची जागा

इंजिनच्या तळाला लागलेल्या ऑइलवरून गळतीची जागा ओळखणे फसवे असते. गाडी धावताना वारा ते ऑइल मागे ढकलतो, ते पॅनच्या कडेने पसरते, सर्वांत खालच्या टोकाला जमते आणि तिथून टपकते. ड्रेन प्लगही बहुधा पॅनच्या खालच्याच भागात असतो. त्यामुळे वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग गळत असले तरी प्लग ओला दिसतो, आणि प्लग गळत असला तरी पॅनची मागची कड ओली दिसते. दुसऱ्या गॅरेजने ओली कड पाहून निर्णय दिला होता. ती कड कोरडी करून पुन्हा पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

आम्ही गाडी सपाट जागी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. पॅनचा सगळा तळ, प्लग, फिल्टरची बैठक आणि गिअरबॉक्सकडची बाजू ब्रेक क्लीनरने धुतली, फडक्याने पुसली आणि पूर्ण सुकू दिली. मग त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर फवारला आणि इंजिन पुरते तापेपर्यंत चालू ठेवले. बंद केल्यावर थोड्या वेळाने पाहिले तेव्हा पॅनचा जोड, फिल्टर आणि गिअरबॉक्सची बाजू पांढरीच होती. ड्रेन बोल्टच्या डोक्याभोवती मात्र पावडर एका बाजूने तपकिरी झाली होती, घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत साधारण चार ते सहाच्या दरम्यान. गळती बोल्टच्या सबंध घेराने होत नव्हती. ती एकाच अंगाने होती, आणि पुढचा सगळा उलगडा या एका निरीक्षणावर झाला.

गळतीचे प्रमाणही मोजून घेणे बरे, कारण त्यावरून घाई किती करायची ते ठरते. गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर साधारण अर्ध्या तासाला एक थेंब पडत होता. एक थेंब 0.05 मिलिलिटरचा धरला तर दिवसाला सुमारे अडीच मिलिलिटर आणि महिन्याला सत्तरेक मिलिलिटर ऑइल जाते. या इंजिनात फिल्टरसह 3.7 लिटर ऑइल बसते, तेव्हा गळतीने इंजिनाला तातडीचा धोका नव्हता. धोका होता तो गळती थांबवण्यासाठी बोल्ट तिसऱ्यांदा, आणखी जोर लावून आवळला जाण्याचा.

बोल्टखालून काय निघाले

बोल्ट 17 नंबरच्या पान्याने सहज सुटायला हवा होता. तो लांब दांड्याच्या पान्यानेच सुटला आणि सुटताना करकरला. त्याच्या शेवटच्या आट्यांत चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा बारीक चुरा अडकलेला होता आणि डोक्याखाली जुन्या सिलिकॉनचा लेप होता. त्याखाली एकावर एक तांब्याचे दोन सपाट वॉशर होते.

व्हर्नियरने मापे घेतली. बोल्टच्या आट्यांचा बाहेरचा व्यास 13.9 मिमी निघाला, म्हणजे 14 मिमीचा, 1.5 मिमी पिचचा (दोन आट्यांमधले अंतर) नेहमीचा बोल्ट. वॉशरच्या भोकाचा व्यास मात्र 16.2 मिमी, बाहेरचा व्यास 22 मिमी आणि जाडी 1.5 मिमी होती. हे वॉशर 16 मिमीच्या बोल्टचे होते. डब्यात हाताला लागले, आट्यांवरून आत गेले, म्हणून लागले असावेत.

दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्याचा परिणाम मोजून पाहावा. बोल्टच्या डोक्याखालच्या फ्लँजचा, म्हणजे रुंद कडेचा, व्यास सुमारे 20 मिमी, म्हणजे मध्यापासून त्याची कड 10 मिमीवर. 14 मिमीचा वॉशर मध्यावर बसला की फ्लँजखाली सगळीकडून जवळजवळ 3 मिमी रुंदीचा पट्टा दाबला जातो. 16.2 मिमी भोकाचा वॉशर मात्र बोल्टवर मोकळा हलतो आणि आवळताना कुठल्याही एका बाजूला 1.15 मिमीपर्यंत सरकू शकतो. तसा तो सरकला की एका बाजूला 3 मिमीचा पट्टा उरतो, तर समोरच्या बाजूला जेमतेम 0.75 मिमीचा. पॅनच्या भोकाच्या तोंडाशी थोडी उतरती कड असते, खालच्या अंगाला एखादा चरा असला तर उरलेली रुंदीही कामाची राहत नाही, आणि ऑइल तिथूनच वाट काढते. पावडर एकाच अंगाला ओली का झाली, याचे उत्तर काढलेल्या वॉशरवरच उमटले होते: दाबाचा चकचकीत पट्टा एका बाजूला रुंद होता आणि दुसऱ्या बाजूला धाग्यासारखा.

दुसरा वॉशर घातल्याने हा दोष नाहीसा होण्याऐवजी वाढला. एक वॉशर असतो तेव्हा ऑइल अडवणारे दोनच पृष्ठभाग असतात, बोल्टकडचा आणि पॅनकडचा. दोन वॉशर घातले की त्या दोघांमधला तिसरा पृष्ठभागही निर्दोष असावा लागतो. शिवाय 1.5 मिमी जाडीचा जास्तीचा वॉशर 1.5 मिमी पिचच्या बोल्टला बरोबर एक आटा बाहेर ठेवतो. पॅनच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये गुंतणारा एक आटा कमी झाला आणि नेमक्या त्याच वेळी पाइप लावून जोर वाढवला गेला. चुरा आला तो त्यामुळे.

तांबे चांगले की अ‍ॅल्युमिनियम

"तांब्याचा वायसर म्हणजे वरचा माल" ही समजूत मुंबईतल्या बहुतेक गॅरेजमध्ये ऐकू येते. ती पूर्ण चुकीची नाही. तांब्याचे वॉशर डिझेलच्या पाइपांच्या बॅन्जो बोल्टवर (ज्यांच्या पोकळीतून डिझेल वाहते) वर्षानुवर्षे उत्तम काम देतात, आणि काही गाड्यांच्या ड्रेन प्लगलाही कंपनी तांब्याचाच वॉशर देते. प्रश्न आहे तो वॉशर काम कसा करतो हे समजून घेण्याचा.

ड्रेन प्लगचा धातूचा वॉशर स्प्रिंगसारखा दाब धरून ठेवत नाही. तो चेपतो, आणि चेपताना बोल्टच्या व पॅनच्या पृष्ठभागांवरच्या बारीक उंचसखलपणात शिरून बसतो. त्यासाठी तो त्या दोघांपेक्षाही नरम असायला हवा. या गाडीच्या बोल्टसाठी ठरवलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, 39 न्यूटन-मीटर आहे. 14 मिमीच्या बोल्टवर एवढ्या टॉर्कने, टॉर्कवरून ओढ काढण्याचा गुणांक (ज्यात आट्यांचे आणि डोक्याखालचे घर्षण धरलेले असते) नेहमीप्रमाणे 0.2 धरल्यास, सुमारे 14,000 न्यूटन म्हणजे चौदाशे किलो वजनाएवढी ओढ तयार होते. ती 14 मिमी आणि 20 मिमी व्यासांमधल्या वर्तुळपट्टीवर, म्हणजे साधारण 160 चौरस मिलिमीटरवर पडते, तेव्हा दर चौरस मिलिमीटरला 87 न्यूटन दाब येतो. नरम शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 30 ते 35 न्यूटनलाच हार मानू लागते. म्हणजे ठरलेल्या टॉर्कवर वॉशर नक्की चेपतो आणि पॅनच्या मिश्रधातूला धक्का लागत नाही. हिशेब ढोबळ आहे, कारण आटे तेलकट असतील तर ओढ याहूनही वाढते. पण टॉर्क आणि वॉशर ही जोडी एकत्रच ठरवलेली असते, एक बदलून दुसरे तेच ठेवता येत नाही, हे त्यावरून दिसते.

नरम केलेले तांबेही असेच चेपते. मात्र एकदा दाबले गेलेले तांबे कडक होते आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनहून कमी कडक राहत नाही. तसा वॉशर पुन्हा लावला की तो स्वतः चेपण्याऐवजी पॅनच्या बैठकीत, म्हणजे भोकाभोवतीच्या सपाट पृष्ठभागात, रुततो. जुने जाणते मिस्त्री तांब्याचा वॉशर पुन्हा वापरण्याआधी गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवतात. ती रीत शास्त्रशुद्ध आहे, त्याने तांबे पुन्हा नरम होते. डब्यातला कुठला वॉशर किती वेळा दाबला गेला आहे हे न पाहता तो लावणे मात्र त्या रीतीत बसत नाही.

माहीमसारख्या समुद्राला लागून असलेल्या वस्तीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल आली की त्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजते. आतल्या बाजूला ऑइल असल्याने तिथे भीती नसते, पण वॉशरच्या बाहेरच्या कडेला रस्त्यावरचे पावसाळी पाणी आणि खारी हवा दोन्ही पोहोचतात. इथे पॅनच्या बैठकीवर, तांब्याच्या बाहेरच्या कडेलगत पांढरट भुकटीची एक पुसटशी रेघ आली होती. ती नखाने निघाली आणि खाली खड्डा पडलेला नव्हता. काही वर्षे तसेच राहिले असते तर निष्कर्ष वेगळा निघाला असता.

निवड

पॅनची बैठक विजेरीने नीट तपासली. तिच्यावर दोन प्रकारच्या खुणा होत्या. पहिली, वॉशरच्या कडेने उमटलेली उथळ गोल रेघ. भोकाभोवती गोल फिरणारी रेघ सहसा गळत नाही, कारण ऑइलला आतून बाहेर यायचे असते आणि ही रेघ त्याला गोल गोल फिरवते. दुसरी खूण होती भोकाकडून बाहेर जाणारा एक बारीक चरा. असा आडवा जाणारा चरा खरा वैरी असतो, कारण तो ऑइलसाठी तयार वाट असतो. नखाला तो जेमतेम लागत होता. चरा खोल असता तर मी स्टीलच्या कडीत रबर घट्ट बसवलेला बॉन्डेड वॉशर सुचवला असता. खराब बैठकीवर तो धातूच्या वॉशरपेक्षा चांगला अडवतो आणि त्याला फार आवळावेही लागत नाही. पण ऑइल शंभर अंशांच्या घरात तापते, तेव्हा त्यातले रबर उष्णता सोसणारे असावे लागते. साध्या नायट्राइल रबरापेक्षा फ्लुओरोकार्बनचे, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, ते घ्यावे. नागदेवीच्या ऑइल सीलच्या दुकानांत दोन्ही मिळतात आणि दिसायला सारखेच असतात, म्हणून विचारूनच घ्यावे लागतात.

इथे त्याची गरज पडली नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पॅन, बऱ्या अवस्थेतली बैठक, नखाला जेमतेम लागणारा चरा आणि ठरलेला टॉर्क, या सगळ्यांना एकच वॉशर जुळत होता: कंपनीने या बोल्टसाठी दिलेला 14 मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर, नवा. होंडाचा त्याचा क्रमांक 94109-14000 आहे. या क्रमांकाच्या शेवटच्या भागात मापच दडलेले आहे. 94109-20000 हा 20 मिमीचा, याच गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ऑइल भरायच्या बोल्टला लागणारा, आणि 94109-12000 हा 12 मिमीचा. एवढे ठाऊक असले तर दुकानात चुकीचा वॉशर हातात पडत नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काकांनी स्वतः जाऊन तो आणला. दुकानदाराने सवयीने विचारले, "चौदाचा ना? तांब्याचा देऊ, चालेल?" काकांनी क्रमांक लिहिलेला कागद पुढे केला तेव्हा सीलबंद पाकीट आले. बोल्टच्या फ्लँजवर कड उठली होती आणि आट्यांना मार बसला होता, म्हणून बोल्टही नवा घेतला. वॉशर आणि बोल्टचा खर्च दोघांच्या वडापाव-चहाच्या मानाने थोडाच जास्त झाला, आणि पॅन उतरवण्याच्या आकड्यापुढे तर तो नगण्यच होता.

हे उत्तर सिव्हिकचे आहे, सगळ्या गाड्यांचे नव्हे. टोयोटाच्या अनेक गाड्यांना 12 मिमीचा, 1.25 पिचचा बोल्ट असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही इंजिनांत वॉशर बोल्टवरच कायमचा अडकवलेला असतो, तिथे दर वेळी वॉशरसह बोल्टच बदलायचा आणि टॉर्कही 30 न्यूटन-मीटरच. पॅन पत्र्याचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा, यावरही आवळण्याची मर्यादा बदलते.

बसवणी

ऑइल फार वापरलेले नव्हते, पण चुरा आणि सिलिकॉन दोन्ही दिसल्यामुळे ते पुन्हा भरणे मला पटले नाही. बोल्टभोवती लावलेले सिलिकॉन आवळताना आतही पिळले जाते, त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत जाऊ शकतात. ड्रेन प्लगला सिलिकॉन, टेफ्लॉन टेप किंवा शेलॅक लावावे लागत असेल, तर वॉशर किंवा बैठक यांपैकी एक चुकलेले आहे असे समजावे.

पॅनच्या आट्यांतून 14 × 1.5 चा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, ग्रीस लावून हाताने, अगदी हलक्या जोराने फिरवला, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. बैठकीवरचा चरा बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेने घासून मंद केला. भोकाच्या तोंडात फडक्याचा बोळा ठेवला होता आणि नंतर थोडे ताजे ऑइल आतून वाहू दिले. नवा बोल्ट वॉशरशिवाय बोटांनी शेवटपर्यंत आत गेला, कुठे अडला नाही, डगमगलाही नाही. आटे कामाचे आहेत याची ही पहिली खूण.

दुसरी खूण टॉर्क पान्याने मिळते. वॉशर लावून बोल्ट आधी हाताने टेकवला आणि मग सावकाश आवळला. वॉशर चेपत असताना पाना थोडा मऊ सरकल्यासारखा वाटतो आणि मग प्रतिकार भरभर वाढतो. आटे गेलेले असतील तर तो वाढतच नाही, पाना नुसता फिरत राहतो. 39 वर पान्याने टक् केले आणि हात तिथेच थांबवला. ज्यांच्याकडे टॉर्क पाना नाही त्यांच्यासाठी एक अंदाज सांगता येईल: साधारण 22 सेंटीमीटर लांबीच्या रिंग पान्याच्या टोकाला अठरा किलोच्या आसपास ओढ दिली की 39 न्यूटन-मीटर होतात. उलट 40 सेंटीमीटरवर पाइप धरून वीस किलोचा जोर लावला तर तोच आकडा 78 च्या पुढे जातो, म्हणजे थेट दुप्पट. तो जोर लावणाऱ्याला फारसा जाणवतही नाही, म्हणूनच पाइप वाईट.

नवे ऑइल आणि फिल्टर घालून, इंजिन तापवून पावडरची परीक्षा पुन्हा केली. सगळे कोरडे होते. गाडी वरळीपर्यंत जाऊन आली, रात्रभर पुठ्ठ्यावर उभी राहिली आणि पुठ्ठा स्वच्छ निघाला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांतही डाग आला नाही. काकांनी पेव्हर ब्लॉक धुऊन घेतले आणि सेक्रेटरींना तसे लेखी कळवले.

एक गोष्ट शिल्लक आहे. पाइपने आवळताना पॅनच्या आट्यांतून जो चुरा निघाला तो परत येत नाही. आज ते आटे 39 न्यूटन-मीटर धरतात, पण नव्या पॅनइतकी पुंजी त्यांच्यात उरलेली नाही. म्हणून गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत वॉशरचा क्रमांक आणि टॉर्क लिहून ठेवला आहे, दोन नवे वॉशर डॅशबोर्डच्या खणात आहेत, आणि पुढच्या वेळी बोल्ट आवळताना काका स्वतः गाडीजवळ उभे राहणार आहेत. तेव्हा पाना 39 ला न पोहोचता मऊ फिरू लागला, तर तिथेच थांबून पॅनच्या भोकात स्टीलचे आटे, म्हणजे हेलिकॉइल किंवा भरीव बुश, बसवून घ्यावे लागेल. मोठ्या मापाचा, स्वतःच आटे कापत जाणारा बोल्ट किंवा रबराचे बूच कोणी सुचवले तरी ते घ्यायचे नाही, कारण त्याने उरलेले अ‍ॅल्युमिनियमही जाते आणि हेलिकॉइलला धरायला जागा राहत नाही.